हाताला चव होती म्हणून

पत्र

ताई, मी चौतीस वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. चार वर्षं रात्री जागून मी एक कादंबरी लिहिली. लालबागच्या चाळीत खाणावळ चालवणारी एक मालवणी बाई आणि तिची चौदा वर्षांची मुलगी नलू. नलूच्या हाताला अशी चव की दोन गल्ल्या ओलांडून गिरणी कामगार तिच्या हातचं जेवायला येतात. नलू म्हणजे माझी थोरली आत्या, हे आमच्या घरात कुणालाही वाचताक्षणी कळेल. आजीची खाणावळ खरी, पंचवीस मेंबर खरे, आत्याने आठवीतून शाळा सोडली तेही खरं. मी हे सगळं तिचं कौतुक म्हणून लिहिलं. मोठ्या हौसेने तिला वाचायला दिलं. दोनशे ऐंशी पानं तिने दोन दिवसांत वाचली, पिशवीत घालून परत पाठवली आणि फोनवर एवढंच म्हणाली, "माझ्या हाताक चव होती म्हणान माका शाळेतसून काढल्यानी, आणि तू तेका देवाचा देणा म्हणतंस?" त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही. बाबा तिच्याहून पाच वर्षांनी लहान, बी.कॉम. झालेले. ते म्हणतात, घरातलं घरात राहू दे. चाळीतली गरिबी त्यांना लपवायची असावी. एका प्रकाशकाने छापायची तयारी दाखवली आहे. नावगाव बदलून छापू का? प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आत्याची एकेक पाककृती दिली आहे, ती ठेवू का? आणि माझी मैत्रीण म्हणते, कादंबरी चविष्ट आहे पण तिच्यात काही घडत नाही. तुम्हालाही तसंच वाटतं का? सोबत पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं प्रकरण पाठवते आहे. कादंबरी १९८१च्या दिवाळीत संपते, पुढचा काळ खाण्याचा नाही, म्हणून घेतला नाही.
तुमची, एक भाची, डोंबिवली

उत्तर

प्रिय भाची,

चारही प्रकरणं वाचली, दोनदा वाचली. तुला लिहिता येतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुला वही फाडून टाकावीशी वाटेल. फाडू नकोस.

तुझ्या आत्याने फोनवर जे एक वाक्य उच्चारलं, ते मला तुझ्या चारही प्रकरणांतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा मोठं वाटलं. तू ते मला पत्रात जसंच्या तसं, तिच्या बोलीत लिहून पाठवलंस, म्हणजे ते तुलाही लागलं आहे. आता तेच वाक्य कादंबरीच्या मुळाशी घालून सगळं पुन्हा लिहायचं आहे. तुझ्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला तिथेच सापडतं.

"हिच्या हाताला चव आहे." आपल्याकडे बाईला यापेक्षा मोठी शाबासकी नाही. मीही आयुष्यभर ती दिली आणि घेतली. पण ही शाबासकी कोण देतं ते बघ. जेवणारा देतो. पानावर बसलेल्या माणसाला चव कळते, चवीमागचे तास कळत नाहीत. मग तो म्हणतो, देवाने दिलं. देवाने दिलं म्हटलं की बाईचं काही गेलं नाही, आणि आपण तिचं काही देणं लागत नाही. तुझी कादंबरी अशी पानावर बसून लिहिली गेली आहे. तू नलूला प्रेमाने बघतेस, पण तू बसली आहेस मेंबरांच्या पंगतीत. पहिल्या प्रकरणात तिने कालवणात सोलं टाकली की दहा पुरुष मान वर करून बघतात, आणि त्यांच्याबरोबर तूही बघतेस. नलूला त्या वेळी काय दिसतं, हे चारही प्रकरणांत कुठे नाही. पहिल्या तीन प्रकरणांत मला 'खमंग' हा शब्द अकरा वेळा भेटला आणि 'घाम' एकदाही नाही.

इथे तुला माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. माझी मावशी आमच्या सगळ्या गोतावळ्याची अन्नपूर्णा. लग्न असो, बारसं असो, मावशी आली की बाकीच्या बायका निर्धास्त. ती कढईपाशी उभी राहायची आणि माझ्या मोठ्या भावाला हाक मारायची, "मीठ बघ रे जरा." तो लहान असताना हाक मारायची, कॉलेजात गेला तरी मारायची. आम्ही म्हणायचो, भाच्यावर काय जीव आहे! मावशी गेल्यानंतर मामींकडून कळलं की ऐन चाळिशीत एका मोठ्या तापानंतर तिचा वास गेला होता. वासाबरोबर चवीतलं निम्मं जातं. पुढची वीसेक वर्षं ती कानाने आणि डोळ्याने रांधत होती. मोहरी तडतडायची थांबली की हिंग. कांद्याचा चर्र आवाज बसला, कडा तांबूस झाल्या की मसाला. तेल बाजूला सुटलं की पाणी. आणि मिठासाठी माझा भाऊ. तिने हे कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर तिच्याकडून स्वयंपाक काढून घेतला असता, आणि त्या घरात तिला दुसरी जागा नव्हती. तिच्या तेराव्याला आम्ही सगळे तिच्या हाताच्या चवीबद्दल गहिवरून बोललो. आमच्यापैकी एकानेही वीस वर्षांत तिला कधी विचारलं नव्हतं की तू हे करतेस कसं?

तुझी आत्या आहे. तिला विचारता येतं. तू फार वेळेवर लिहिलंस.

आता मैत्रिणीच्या बोलण्याकडे येते. ती खरं बोलली. कादंबरीत काही घडत नाही, कारण नलूला तू सगळं आधीच देऊन ठेवलं आहेस. ती चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पोळपाटापाशी बसते आणि तिला सगळं येतं. ज्याला सगळं येतं त्याची गोष्ट कशी होणार? पण तुझ्याच दुसऱ्या प्रकरणात एक फट आहे आणि तिच्यातून मला खरी नलू दिसली. साताऱ्याकडचे चार मेंबर नवीन लागतात, त्यांना तांदळाची भाकरी चालत नाही, ज्वारीची हवी. तू हे अर्ध्या ओळीत उरकलंस: "दुसऱ्या दिवशी नलूने त्यांच्या ताटात टम्म फुगलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या वाढल्या." दुसऱ्या दिवशी? अगं, तिथे थांब. कोकणातल्या मुलीला तांदळाची भाकरी येते, ती उकड काढून. पाण्याला आधण आलं की पीठ आत, झाकण, मग गरम असतानाच मळायचं. ज्वारीचं पीठ निराळं. ते तळहाताच्या टाचेने रगडावं लागतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. पीठ ताजं असेल तर साध्या पाण्यात वळतं. जुनं झालं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली, की थंड पाण्याला दाद देत नाही, उकळतं पाणी घालावं लागतं. आणि विरी गेली आहे हे पिठाकडे बघून कळत नाही, हातात घेतल्यावर कळतं. रेशनवर किंवा वाण्याकडे उधारीवर कसली ज्वारी मिळत असेल, गिरणीत दळून किती दिवस झाले असतील, याचा विचार कर. चौदा वर्षांची पोर परातीपुढे बसली आहे, भाकरी उचलताना मधोमध तुटते आहे, सातच्या पाळीचे मेंबर हात धुऊन बसले आहेत, आणि आई काही बोलत नाही, नुसती बघते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं, ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर भाकरीला भेगा पडतात, घाई झाली तर पीठ तव्याला चिकटतं. नलूने हे किती भाकऱ्या वाया घालवून शिकलं असेल? वाया गेलेल्या कुणी खाल्ल्या? मला वाटतं तिनेच खाल्ल्या, सगळ्यांच्या मागून, मोरीपाशी बसून. माझा अंदाज आहे. आत्याला विचार.

तुझी नलू खरोखरच असामान्य आहे, हे मी नाकारत नाही. असतात अशी मुलं. दहा जणींनी तेच पीठ मळलं तर एकीच्या बोटांना विरी आधी कळते, हे मी पाहिलं आहे. पण ते कळणं म्हणजे लक्ष असणं. तिचं लक्ष जिथे जाईल तिथे ती असामान्य झाली असती, गणितात, शिवणात, कशातही. तिचं लक्ष परातीतच गेलं, कारण तिला परातीपुढे बसवलं.

आणि हिशोब मांड. तू बँकेत आहेस, तुला जमेल. पंचवीस मेंबर, माणशी दोन वेळच्या मिळून चार भाकऱ्या धरल्या तर दिवसाला शंभर. एका भाकरीला दोन मिनिटं धर, तरी तीन तास वीस मिनिटं नुसत्या भाकऱ्यांचे. त्याच्याआधी नळाचं पाणी, तांदूळ निवडणं, नारळ खोवणं, वाटप वाटणं. त्याच्यानंतर टोप घासणं. घासलेटची रांग वेगळीच. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात नलू दुपारी गच्चीवर जाऊन समुद्राकडे बघते. कधी गं? पाळ्यांची जेवणं सांभाळणाऱ्या घरात दुपार कुठे असते? पहिल्या पाळीचे सुटून येतात तेव्हा दुसऱ्या पाळीचे जेवून निघालेले असतात. हा हिशोब कादंबरीत आकड्यांनी लिहू नकोस, पण लिहिताना उशाशी ठेव. मग गच्ची आपोआप गळून पडेल.

पैशांचाही हिशोब हवा. तुझ्या कादंबरीत मेंबर जेवतात आणि तृप्त होतात, पैसे देताना कुणी दिसत नाही. खाणावळ पगारावर चालायची. मेंबर महिनाभर जेवणार, पगार झाला की पैसे देणार, आणि तोवर तांदूळ-डाळ-मसाला वाण्याकडून उधारीवर, व्याज सोसून. याच गिरणगावात १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच जाचातून. बँकांचं १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं असं धोरण होतं, पण चाळीतल्या बाईला बँकेच्या दारात कोण उभं करणार? मंडळाने बायकांचे गट केले, एकमेकींच्या भरवशावर त्यांना कर्ज मिळवून दिलं. तू स्वतः बँकेत बसतेस, तुला याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुझी आजी त्यात होती का? तिचं पासबुक कुणाच्या ट्रंकेत आहे का? अंगठा आहे त्यावर, की सही? असली तर कुणी शिकवली? मला तर वाटतं, आठवीतून काढलेल्या मुलीने आईला सही शिकवली असेल. पुन्हा सांगते, हा माझा अंदाज आहे. खरं काय ते एकाच माणसाला ठाऊक आहे आणि ती तुझा फोन उचलत नाही.

महिनाअखेरीचा नलूचा स्वयंपाक मला वाचायचा आहे. पगार झाल्यावर नारळ सढळ असतो, तेव्हा कुणाचंही कालवण छान होतं. पंचवीस तारखेनंतर नारळ दोनाऐवजी एकच आला की काय करायचं? भिजवलेले मूठभर तांदूळ वाटपात घालून दाटपणा आणायचा. मसाला जरा जास्त भाजायचा. बांगडा माणशी अर्धा, पण तिरफळं नीट ठेचून, बिया काढून, म्हणजे वासाने पान भरतं. चुकून फार वेळ शिजली तर कडवटपणा उतरतो आणि पंचवीस माणसांचं कालवण जातं. पंचवीस माणसांना कमी आहे हे कळू न देता जेवू घालणं, हे नलूचं कसब आहे. तू तिचं कौतुक केलंस ते सढळ नारळाचं. तिला स्वतःला कशाचा अभिमान असेल तर तो त्या एका नारळाचा असेल.

आता शेवटचं प्रकरण. ते १९८१च्या दिवाळीत संपतं. खाणावळीत फराळ, कंदील, मेंबर नलूच्या आईला साडी देतात, समाप्त. मी ते पान मिटलं आणि कितीतरी वेळ अस्वस्थ होते. अगं, तिथून तीन महिने पुढे काय आहे? १८ जानेवारी १९८२. कामगारनेते दत्ता सामंतांचा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. भोंगे बंद, पगार बंद. ज्यांचा पगार बंद त्यांची खाणावळ कशी चालणार? कुणी गावी गेलं, कुणी परत येईन म्हणून ट्रंक ठेवून गेलं. कुणी दोन वेळचं एक वेळ केलं. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. दिवसांमागून दिवस गेले, कामगार पांगले, आणि खाणावळवाल्या बायकांची उधारी पांगली. तुझी आत्या तेव्हा अठराच्या आसपास होती. चार वर्षं ती शंभर भाकऱ्या थापत होती, आणि एका महिन्यात परातीपुढे बसायला कारणच उरलं नाही. शाळा ज्या कामासाठी सोडायला लावली, ते कामही गेलं. मला तर हे वाचायचं आहे की संपाच्या तिसऱ्या महिन्यात नलूने कुणाला जेवू घातलं आणि कुणाला नाही म्हटलं. जेवू घालणाऱ्या मुलीने पहिल्यांदा कुणाला 'नाही' म्हटलं असेल, तर तिथे गोष्ट आहे. तू पत्रात लिहिलंस की पुढचा काळ "खाण्याचा नाही, म्हणून घेतला नाही". भाची, उपास हाही खाण्याचाच विषय आहे.

एक आणखी, शाळेबद्दल. तुझी आत्या चौदा वर्षांची होती तेव्हा लालबागेपासून थोड्या अंतरावर, दादरला, मुंबईतलं केटरिंग कॉलेज होतं. १९५४ साली सुरू झालेलं. तिथे मुलं-मुली पांढरा कोट घालून रांधायला शिकत होती आणि त्यांना त्याचं प्रमाणपत्र मिळत होतं. त्यासाठी आधी शाळा पुरी करावी लागायची. आत्याला शाळेतून काढलं ते स्वयंपाक छान येतो म्हणून, आणि शाळा नाही म्हणून स्वयंपाकाच्या कॉलेजाचं दारही बंद. तिला त्या कॉलेजचं नाव तरी कधी ऐकू आलं का, कोण जाणे. ट्राम नव्हती उरली तेव्हा, पण बस होती, पायी जायलाही फार नव्हतं.

बाबांविषयी थोडंच लिहिते, कारण ते तुझे वडील आहेत आणि मी त्यांना ओळखत नाही. "घरातलं घरात राहू दे" असं ते म्हणतात तेव्हा त्यांना चाळीतली गरिबी लपवायची आहे असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. ताई आठवीतून निघाली आणि धाकटा बी.कॉम. झाला, हे ते विसरले नसावेत. तुझ्या तीन प्रकरणांत नलूचा धाकटा भाऊ एकदाच येतो, आणि तो झोपलेला आहे. त्याला जागा कर. वही मांडीवर घेऊन जेवायला बसलेला नऊ वर्षांचा मुलगा, बहीण वाढते आहे, तो वहीतून डोकं वर काढत नाही. त्याला वाईट दाखवू नकोस. नऊ वर्षांच्या मुलाचा काय दोष? पण त्याला ताटापुढे बसव. आणि हे प्रकरण लिहून झालं की आधी बाबांना दाखव, आत्याला नंतर.

नावगाव बदलून छापू का, असं विचारलंस. नावं बदल, बदलायलाच हवीत, पण त्याने सुटका होईल असं समजू नकोस. लालबागचं परळ केलंस, नलूची शकू केलीस, तरी तुमच्या गोतावळ्यात पहिल्या पानाला ओळख पटणार. "पात्रे काल्पनिक आहेत" ही ओळ अनोळखी वाचकासाठी असते. घरच्यांसाठी तुझ्याकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे छापण्याआधी दाखवणं आणि काय खटकलं ते ऐकून घेणं. अर्धं काम तू केलंसच. दाखवलंस. ऐकणं राहिलं आहे.

पाककृतींचं माझं मत स्पष्ट आहे: आत्ता काढून टाक. कायद्याची भीती नाही. मसाल्याचं प्रमाण म्हणजे कुणाची कविता नव्हे, त्यावरून तुला कुणी कोर्टात खेचणार नाही. पण बघ, लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१०मध्ये 'गृहिणीमित्र' लिहिलं, कमलाबाई ओगले यांनी १९७०मध्ये 'रुचिरा' लिहिलं, आणि दोन्ही पुस्तकांवर ज्यांच्या हातचं त्यांचंच नाव आहे. ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं, लाखो सुना त्यावर शिकल्या, आणि नाव कमलाबाईंचं झालं. तुझ्या पुस्तकावर नाव तुझं असेल आणि मसाला आत्याचा. आठवी गेली, खाणावळ गेली, आता मसालाही भाचीच्या नावावर? तिच्या जागी मी असते तर मीही पिशवीत घालून परत पाठवलं असतं. पुढे कधी ती आपणहून म्हणाली की घाल, तर तिच्या नावाने, तिच्या शब्दांत, पंचवीस माणसांच्या मापाने घाल. चार जणांसाठी उतरवून, "मीठ चवीनुसार" असं लिहून नको. खाणावळीत मीठ चवीनुसार नसतं. पंचवीस जणांच्या पंचवीस चवी असतात, एकाच मिठात सगळ्यांना बसवायचं असतं.

आता खरं काम. आत्याकडे फोन करत राहू नकोस, फोन न उचलणाऱ्या माणसाला प्रत्येक रिंग म्हणजे नवा ओरखडा. तिला पत्र लिही. हाताने, पोस्टाने. आणि इथे मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट तुलाच दाखवायची आहे. दोनशे ऐंशी पानं तिने दोन दिवसांत वाचली. आठवीतून शाळा सुटलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईने. कादंबऱ्या वाचणारी माणसंही इतक्या वेगाने वाचत नाहीत. ती आयुष्यभर वाचत आली आहे, भाची. काय वाचत होती, कुठून आणत होती, केव्हा वाचत होती, तुला माहीत आहे? तुझ्या चार प्रकरणांत नलू एकदाही पुस्तक उघडत नाही. पुडीचा कागदसुद्धा वाचत नाही. तू तिच्या हातांकडे इतकं बघितलंस की डोळ्यांकडे बघायचं राहिलं.

पत्रात माफी एका ओळीत माग, जास्त नको, नाहीतर तुझं सांत्वन करायचं कामही तिच्याच गळ्यात पडेल. कादंबरी छापायची की नाही हे त्या पत्रात विचारू नकोस. तिला सांग की तू चुकीच्या पंगतीत बसून लिहिलंस आणि तुला पुन्हा लिहायचं आहे. मग साधे प्रश्न विचार, ज्यांची उत्तरं तिलाच ठाऊक आहेत. नळ किती वाजता यायचा. पहिली ज्वारीची भाकरी कितव्या दिवशी धड झाली. संपात कितीजणांचे पैसे बुडाले आणि त्यातला कुणी पुढे कधी भेटला का. आठवीत कुठला विषय आवडायचा. शाळेचा शेवटचा दिवस कुठला हे तिला आधी सांगितलं होतं, की नंतर कळलं.

तिने बोलावलं तर जा, पण वही-पेन पहिल्या दिवशी काढू नकोस आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग तर नकोच. ती ओट्यापाशी उभी राहिली तर तिला बसव आणि चहा तू कर. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तीच म्हणेल, लिहून घे. तेव्हा एखादं प्रकरण आणि एक पेन्सिल तिच्या हातात दे. ती काट मारेल ते त्या दिवशी मान्य कर, वाद घालू नकोस. रात्री घरी येऊन बघ, काट मारलेल्या ओळीत काय होतं. तुझ्या पहिल्या प्रकरणातली "जणू साक्षात अन्नपूर्णा तिच्या बोटांत उतरली होती" ही ओळ ती नक्की खोडेल. खोडू दे.

तिने बोलावलंच नाही, पत्राला उत्तरच आलं नाही, तर? तर दोन-तीन महिन्यांनी आणखी एक पत्र लिही, कादंबरीचा उल्लेख न करता, नुसती भाची म्हणून. आणि तोवर संपाची प्रकरणं लिहायला घे. त्या काळातले कामगार, खाणावळवाल्या बायका अजून आहेत, गिरणगावात आहेत, कोकणात परत गेलेल्या आहेत. त्यांच्याशी बोल. ते लिहिताना नलू आत्यापासून थोडी दूर सरकेल आणि तुझी होईल, मग तुला तिच्यासाठी नव्याने काहीतरी कल्पावं लागेल. कादंबरीला ते लागतंच. पण आत्याने स्पष्ट सांगितलं की माझं आयुष्य छापू नकोस, तर तिचं म्हणून ओळखू येईल ते काढून टाक, त्यासाठी आणखी दोन वर्षं गेली तरी. तुझ्या हातात लिहिणं आहे, ते कुठे जात नाही.

प्रकाशकाला उद्याच कळव की हस्तलिखितावर अजून काम चालू आहे, वर्षभर लागेल. लेखकांची अशी पत्रं प्रकाशकांना येतच असतात, तो काही रागावणार नाही. आणि वर्षाने संपाचं प्रकरण मला पाठव. मला खरंच वाचायचं आहे की त्या पोरीने कुणाला नाही म्हटलं.